शोकगीत गिटारवर बसवताना: कार्टर फॅमिलीचं ‘सर्कल’, पायरीपायरीने

कंट्री संगीतात दुःखाच्या गाण्यांना तोटा नाही. पण गिटार हातात घेऊन काही महिने झालेत, चार-पाच कॉर्ड बिनबोभाट धरता येतात, गळा बरा आहे आणि एक तरी शोकगीत नीट बसवायचंय, अशा माणसाला मी कार्टर फॅमिलीचं ‘कॅन द सर्कल बी अनब्रोकन’ सोडून दुसरं काही सुचवणार नाही. कॉर्ड तीन. कडवं आणि ध्रुपद एकाच चालीत. आणि गोष्ट इतकी थेट की गायकाला वरून काही घालावं लागत नाही.

नेमकी हीच गोष्ट आपल्याला जड जाते. भावगीतं गात वाढलेल्या गळ्याला शब्द आला की त्यावर भाव चढवायची सवय लागलेली असते. ‘आई’ म्हटलं की आवाज थरथरलाच पाहिजे. या गाण्यात ती सवय मोडावी लागते. खालच्या बहुतेक पायऱ्या खरं तर त्या एकाच कामासाठी आहेत. कॉर्ड वगैरे तर आठवड्याभरात जमतात.

१. आधी गोष्ट समजून घ्या

गाण्यात एका मुलाच्या (किंवा मुलीच्या, गाणं तसं सांगत नाही) आईची अंत्ययात्रा आहे. पहिल्या कडव्यात तो खिडकीशी उभा आहे, बाहेर थंडी आणि ढग, आणि आईला न्यायला गाडी येताना दिसते. दुसऱ्यात तो गाडीवाल्याला विनवतो, जरा हळू चालव. तिसऱ्यात तो गाडीच्या मागोमाग चालतो, धीर धरायचा प्रयत्न करतो, आणि तिला खड्ड्यात ठेवताना तो धीर सुटतो. चौथ्यात घरी परततो. घर रिकामं, भावंडं रडतायत. मधे मधे ध्रुपद येतं: हे कुटुंबाचं वर्तुळ पुढे कधी पुन्हा जुळेल का? वर आभाळात एक चांगलं घर वाट पाहतंय.

ध्रुपदाचं मूळ जुनं आहे. १९०७ मध्ये ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ या नावाचं एक भक्तिगीत छापलं गेलं. शब्द लंडनच्या एडा हॅबरशन यांचे, चाल अमेरिकन संगीतकार चार्ल्स गेब्रिएल यांची. त्यात अंत्ययात्रा नाही. स्वर्गात गेलेले आपले लोक, आणि आपण त्यांना भेटणार का हा प्रश्न, एवढंच आहे. ए. पी. कार्टर यांनी ध्रुपदाचा गाभा ठेवला, कडवी काढून टाकली, आणि तिथे खिडकी, गाडी, गाडीवाला आणि रिकामं घर आणून बसवलं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ते रेकॉर्ड केलं. उपदेशाचं गाणं गोष्टीचं झालं, आणि म्हणूनच ते टिकलं, असं माझं मत आहे.

कार्टर फॅमिली म्हणजे ए. पी., त्यांची पत्नी सेरा आणि सेराची चुलत बहीण मेबेल, जी ए. पीं.च्या भावाची बायकोही होती. व्हर्जिनियातल्या डोंगराळ भागातली ही मंडळी. व्हर्जिनिया आणि टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचं गाव आहे. तिथे १९२७ च्या ऑगस्टमध्ये रेकॉर्ड निर्माते राल्फ पीअर यांनी त्यांच्या पहिल्या तबकड्या केल्या, तेव्हा मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर होती. ‘सर्कल’ रेकॉर्ड झालं तोवर ए. पी. आणि सेरा यांचा संसार मोडला होता, तरी दोघं एकत्र गात होते. हे गाताना कुणाला सांगायची गरज नाही. पण सेराचा तो सरळ, कोरडा आवाज ऐकताना ते आठवतंच.

२. दोन रेकॉर्डिंग्ज, आणि ऐकायचं काय

गिटार बाजूला ठेवून दोनच रेकॉर्डिंग्ज ऐका. एक १९३५ चं मूळ. दुसरं निटी ग्रिटी डर्ट बँड या तरुण मंडळींनी कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये जुन्या कलाकारांना बोलावून केलेलं, १९७२ मध्ये आलेल्या तीन तबकड्यांच्या संचातलं. त्यात मेबेल कार्टर स्वतः गायल्या आहेत आणि ध्रुपदात सगळे मिळून गातात.

पहिल्यांदा फक्त लय ऐका. शोकगीत म्हटल्यावर आपण संथ काहीतरी गृहीत धरतो. इथे गाणं चालतं, थांबत नाही, रेंगाळत नाही. पुढच्या वेळी फक्त गिटारच्या जाड तारा ऐका. चाल तिथे वाजतेय हे कळेल. मग सेराचा आवाज: सूर लावला की लावला, त्याला कंप नाही, ओळीच्या शेवटी तो लांबवणं नाही. शब्दांकडे सगळ्यात शेवटी या.

मुळात एक गंमत आहे. कार्टर मंडळींच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठे दोन मात्रा जास्त, कुठे दोन कमी असं सर्रास सापडतं. ठेका मोजायला बसलात तर डोकं फिरेल. ते गायकाच्या श्वासाप्रमाणे वाजवत होते. शिकताना मात्र सरळ सोळा बारांचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) आराखडा धरा, तोडमोड नंतर.

३. पट्टी

चाल मंद्र पंचमावरून उठते: प, ध आणि मग सा. पहिला शब्दच खाली असल्यामुळे तो दाबला गेला तर गाणं सुरू व्हायच्या आधी पडतं. भजनाला धरता ती पट्टी इथे बहुतेकांना खाली वाटेल. नेहमीच्या पट्टीपेक्षा दोन-तीन सूर वर धरून पाहा, मंद्र पंचम मोकळा लागतो का ते तपासा, मग ध्रुपद जोरात म्हणून वरचं टोक तपासा. दोन्हीकडे आवाज न ओढता गेला की ती तुमची पट्टी.

पेटीवर पट्टी सापडली की गिटारवर कॅपो (तारा दाबून पट्टी वर नेणारी चिमटी) कुठे लावायचा, याचा हिशेब असा. सी चे आकार धरलेत तर बिनकॅपो पांढरी एक, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन. जी चे आकार धरलेत तर बिनकॅपो पांढरी पाच, पहिल्यावर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात. पाचव्या फ्रेटच्या पलीकडे कॅपो न्यायची वेळ आली तर आकार बदला. तारा तिथे फार चिमटल्यासारख्या वाजतात.

४. कॉर्ड, आणि त्यांचे आकडे

आधी जी मध्ये शिका. चार ओळी, प्रत्येक ओळीत चार बार, प्रत्येक बारात चार मात्रा:

जी | जी | जी | जी सेव्हन
सी | सी | जी | जी
जी | जी | जी | ई मायनर
जी | डी | जी | जी

कडवं असो की ध्रुपद, हेच. ओळीचे पहिले दोन शब्द समेच्या आधी उचलायचे आणि तिसरा शब्द समेवर पाडायचा. नवशिके इथे हमखास घसरतात, कारण हात समेवर सुरू होतो आणि तोंडही तिथेच सुरू होतं. उपाय साधा: तोंडाने एक-दोन-तीन-चार मोजा, ‘तीन-चार’च्या जागी ते दोन शब्द म्हणा, आणि तिसऱ्या शब्दावर पहिला कॉर्ड मारा. आठ-दहा वेळा एवढंच करा, पुढे जाऊ नका.

तिसऱ्या ओळीतल्या ई मायनरबद्दल. तो आता बऱ्याच ठिकाणी वाजवतात, कानाला गोडही लागतो. पण मला तो नको वाटतो. मायनर कॉर्ड आला की गाणं ऐकणाऱ्याला खुणावतं, ‘बघा, आता दुःख’. जुन्या ढंगाने तिथे जीच ठेवा, मग गाणं खरोखर तीन कॉर्डचं राहतं.

हाच आराखडा आकड्यांत लिहून ठेवा:

१ १ १ १
४ ४ १ १
१ १ १ १
१ ५ १ १

नॅशव्हिलचे स्टुडिओ वादक अशाच आकड्यांनी काम करतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकसंचातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत वापरायला सुरुवात केली, चार्ली मकॉय आणि इतर वादकांनी ती वाद्यांसाठी फैलावली. सरगम शिकलेल्याला ती समजवावी लागत नाही: सा कुठेही धरा, मध्यम तो मध्यमच. १ म्हणजे सा चा कॉर्ड, ४ म्हणजे म चा, ५ म्हणजे प चा. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही.

५. उजवा हात

जाड तारेवर एक ठोका, मग बारीक तारांवर एक झटका. पहिली आणि तिसरी मात्रा अंगठ्याची, दुसरी आणि चौथी झटक्याची. जी वर अंगठा सहाव्या तारेवर, मग चौथीवर. सी वर पाचवी, मग चौथी. डी वर चौथी, मग मोकळी पाचवी. झटका बारीक तीन तारांपुरताच, सगळ्या सहा तारा ओढायच्या नाहीत.

मेट्रोनोम ६० वर लावून सुरू करा, आणि हात झोपेतही चालेल असा झाला की हळूहळू शंभरच्या आसपास न्या. तिथे गाणं आपोआप पावलं टाकायला लागतं.

जी वरून सी वर जाताना एक छोटी जिना-चढण घाला. सी येण्याच्या आधीच्या बारात पहिल्या दोन मात्रा नेहमीच्या, तिसरीला मोकळी पाचवी तार, चौथीला पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, आणि पुढच्या समेला तिसरा फ्रेट, म्हणजे सी. एवढ्या दोन सुरांनी गाणं कंट्री वाटायला लागतं. प्रत्येक बदलाला मात्र ही चढण घालू नका. ओळीत एकदा पुरे.

६. कार्टर स्क्रॅच: चाल अंगठ्याने

आता खरी मजा. मेबेल कार्टर यांनी गिटार फक्त साथीला ठेवली नाही. त्या अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवत आणि तर्जनीने बारीक तारांवर ठेका धरत. एकाच हातात गाणारा आणि साथीदार दोन्ही. या ढंगाला कार्टर स्क्रॅच म्हणतात, आणि नंतरच्या कंट्री गिटारची निम्मी इमारत त्यावर उभी आहे. त्यांचं बोटांचं काम घडायला लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाचा हातभार होता. ए. पी. गाणी गोळा करायला डोंगरदऱ्यांत हिंडत, तेव्हा रिडल बरोबर असत आणि चाली ध्यानात ठेवत. मेबेल यांची गिब्सन एल-५ गिटार आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये पाहायला मिळते.

या ढंगाला सी चे आकार सोयीचे, कारण सगळी चाल हाताखाली येते. सी चा कॉर्ड धरून हे सूर शोधा:

मंद्र प: सहावी तार, तिसरा फ्रेट
मंद्र ध: पाचवी तार मोकळी
सा: पाचवी तार, तिसरा फ्रेट
रे: चौथी तार मोकळी
ग: चौथी तार, दुसरा फ्रेट
प: तिसरी तार मोकळी
ध: तिसरी तार, दुसरा फ्रेट

चाल बहुतांशी या पाच स्वरांतच फिरते. भूप कानावरून गेलेल्याला ती परकी वाटणार नाही. (पण भूपाची मींड इथे आणायची नाही. धैवतावरून पंचमावर घसरत आलात की गाणं व्हर्जिनियातून थेट पुण्याच्या बैठकीत जाऊन बसतं.)

करायचं असं. कॉर्डचा आकार धरा, पण अनामिका पाचव्या तारेवरून उचलून सहाव्याच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. अंगठ्याने तो प वाजवा. मोकळ्या पाचव्या तारेवर ध. तेवढ्या वेळात अनामिका परत पाचव्याच्या तिसऱ्या फ्रेटवर, आणि समेला सा. सा वाजला की लगेच तर्जनीच्या नखाने बारीक तारांवर खाली झटका. सुरुवातीला अनामिकेची ही उडी उशिरा पोचते आणि सा बुचकळल्यासारखा वाजतो. फक्त हे तीन सूर, प ध सा आणि झटका, एवढंच गोल गोल वाजवत राहा. बाकी बोटं हलू देऊ नका. मधलं बोट चौथ्या तारेवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर बसूनच राहतात.

पुढची चाल तबलेचर (तारा आणि फ्रेट आकड्यांत लिहिलेलं नोटेशन) शोधून पाठ करण्यापेक्षा स्वतः काढा. ओळ गुणगुणा, सरगममध्ये म्हणा, कागदावर लिहा, मग वरच्या यादीतून तारा लावा. पेटी शिकलेल्यांना याला एक संध्याकाळ पुरते. एक नियम पाळा: चालीचा सूर लांब असेल तर मोकळ्या राहिलेल्या मात्रांत झटके भरा, सूर भराभर येत असतील तर झटके सोडून द्या. चाल महत्त्वाची, झटका नाही.

सी मध्ये वाजवताना ४ म्हणजे एफ येतो. एका बोटाने सगळ्या तारा दाबून पूर्ण एफ धरायची जिद्द सोडा. बारीक बाजूच्या चार तारांचा छोटा एफ पुरतो, आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर त्याचा खर्ज मिळतो.

अंगठ्यात प्लास्टिकचा पिक घातला तर चाल ठळक येते. घरी, शांत खोलीत, नुसतं बोट बरं.

७. गाणं म्हणणं

कॉर्ड जमले, हात चालला, की मग आवाज. घाई नको.

पहिलं काम: चारही कडवी गद्यात बोला. शेजाऱ्याला कालची हकिगत सांगावी तशी. कुठे खिडकी, कुठे गाडी, कुणाला काय म्हटलं. ज्या शब्दावर बोलताना जोर येत नाही, त्यावर गाताना जोर द्यायचा नाही. मग त्याच बोलण्यावर सूर चढवा.

दुसरं: कंप काढा. ओळीचा शेवटचा सूर सरळ धरा आणि सोडा. शास्त्रीय तालमीतल्यांना हे बोचतं, सूर नागडा वाटतो. वाटू द्या. हरकत, मुरकी, कणस्वर, सगळं बाजूला. एखाद्या सुरावर खालून किंचित चढत जाणं कंट्रीत चालतं, पण तेही कडव्यात एखाद्या वेळी.

उच्चार. अमेरिकन दक्षिणेचा हेल ओढूनताणून आणू नका, हसं होतं. पण दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तर शब्द बसतात. ‘स्काय’, ‘बाय’ अशा शब्दांत ‘आ’ धरून ठेवायचा आणि ‘य’ अगदी शेवटी मिटायचा. ‘स्कायऽऽ’ नाही, ‘स्काऽऽय’. ‘विल’चा पहिला वर्ण ओठ गोल करून, दातांना न लावता. ‘अंडरटेकर’मधला ट आपला टणक ट नव्हे, जीभ थोडी पुढे. ‘लॉर्ड’चा र जिभेने ठोकायचा नाही, नुसता वळवायचा.

आता कडव्यांचा हिशेब. पहिल्या तीन कडव्यांत आवाजाची पातळी तीच ठेवा. तिसऱ्यात खड्ड्यापाशी तो कोसळतो, तिथे तुम्ही कोसळायचं नाही. गोष्ट सांगणारा घडून गेल्यावर सांगतोय. त्या क्षणी तो रडला, आता सांगताना नाही. हा फरक ज्याला कळला त्याचं गाणं निम्मं झालं. चौथ्या कडव्यात झटके काढून टाका, फक्त अंगठ्याचे खर्ज ठेवा. घर रिकामं आहे, ते एवढ्यानं ऐकू येतं. मग शेवटच्या ध्रुपदाला ठेका परत.

फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पण दुसऱ्या दिवशी. गायल्या गायल्या ऐकलं की आपल्याला आपलं मन ऐकू येतं, आवाज नाही.

८. ध्रुपदात दुसरा सूर

ध्रुपद एकट्याने म्हणण्यासाठी नाहीच. आपल्याकडे चारजण गायले तरी एकाच सुरात गातात, आरती असो की समूहगान. इथे दुसऱ्याने मुख्य चालीच्या वर राहायचं असतं: चाल सा वर असेल तेव्हा ग वर, चाल ग वर तेव्हा प वर. रे आला की म किंवा प, कॉर्डला जो खटकत नाही तो. ४ चा कॉर्ड चालू असताना ध आणि वरचा सा हे हुकमी सूर.

पहिल्या दिवशी दुसरा गायक हटकून चालीकडे ओढला जातो. त्यासाठी त्याला आधी मुख्य गायकाशिवाय शिकवा. गिटारवर नुसते कॉर्ड, आणि त्याने आपली ओळ ‘ला ला’वर म्हणायची, ती स्वतंत्र चाल वाटेपर्यंत. मग मुख्य गायकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हळू आवाजात सुरू करायचं आणि जवळ येत जायचं. एक कान बोटाने बंद केला तरी चालतो, मोठमोठे गायक तसं करतात. दोघांचे शब्द एकाच क्षणी संपले पाहिजेत. सूर थोडा हलला तर खपतं, शब्द मागेपुढे झाले तर नाही.

तिसरा माणूस असेल तर त्याने खर्जात, हवं तिथे. ए. पी. कार्टर तेच करत. मनात येईल तेव्हा खालून आवाज मिसळायचे, नाहीतर गप्प राहायचे.

९. स्वतःचं कडवं घालायचं असेल तर

ए. पीं.नी जुन्या भक्तिगीताचं जे केलं, ते तुम्हीही करू शकता. चाल तीच, ध्रुपद तेच, एक कडवं आपल्या माणसाचं, मराठीत. नियम एवढाच की त्या दिवशी डोळ्यांना जे दिसलं तेवढंच लिहायचं. ‘दुःख’, ‘विरह’, ‘पोरकं’, ‘अश्रू’ हे शब्द वर्ज्य. उदाहरणादाखल एक:

पाणी तापत राहिलं चुलीवर,
कुणी आत गेलंच नाही;
गाडी वळली पारापाशी,
मागं कुणी पाहिलंच नाही.

शेवटची ओळ मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या घरात तुमची अशी एखादी ओळ असेल: चष्मा, औषधांचा डबा, न मिटलेला पानाचा डबा. पहिली आणि तिसरी ओळ थोडी लांब, दुसरी आणि चौथी तोकडी, असं ठेवलं की चालीत बसतं. बसत नसेल तर शब्द काढा, जास्त घालू नका.

हे रेकॉर्ड करून कुठे टाकणार असाल तर एक लक्षात घ्या: १९०७ चं भक्तिगीत सगळ्यांसाठी खुलं आहे, पण कार्टर यांच्या १९३५ च्या कडव्यांवर अमेरिकेत हक्क आहेत. घरी किंवा मित्रांत म्हणायला कुणाची आडकाठी नाही.

१०. कुणाच्या आठवणीत, माणसांसमोर

वसई, वांद्रे किंवा गोव्याकडच्या घरांत, जिथे जिम रीव्हज हा कंट्री गायक वर्षानुवर्षं वाजत आलाय, तिथे हे गाणं कुणाला नवखं वाटणार नाही. ‘उपासना संगीत’ हाताळलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही ध्रुपदाचा भाव लगेच पोचतो. बाकी ठिकाणी आधी दोन वाक्यांत मराठीतून सांगा: आईच्या अंत्ययात्रेचं गाणं आहे, मुलगा सांगतोय. त्याहून जास्त प्रस्तावना नको. आणि घरच्यांना आधी विचारा. खड्ड्यात ठेवण्याचं कडवं एखाद्याला सहन होणार नाही. ते गाळलं तर गाणं मोडत नाही.

गळा दाटण्याची तयारी आधीच करून ठेवा. दाटणारच. २०१३ च्या मे महिन्यात कंट्री गायक जॉर्ज जोन्स यांना नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या सभागृहात निरोप दिला गेला, तेव्हा गायक व्हिन्स गिल यांना स्वतःचंच गाणं पुढे म्हणता येईना. ते गाणं त्यांनी आपल्या भावाच्या मृत्यूनंतर पुरं केलं होतं. शब्द फुटेनात, पण गिटार थांबली नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या गायिका पॅटी लव्हलेस यांनी गाणं पुढे नेलं. आयुष्यभर मंचावर उभ्या राहिलेल्या माणसाचं हे, तर आपलं काय.

त्यातून उचलायचं ते एवढं: हात थांबवू नका. म्हणून तर ठेका झोपेतही चालेल इतका पक्का करायला सांगितलं. आवाज गेला की १ वर वाजवत राहा, श्वास पूर्ण बाहेर सोडा (आत ओढायच्या मागे लागू नका, तो आपोआप येतो), एक घोट पाणी घ्या आणि ओळ जिथे सुटली तिथून नव्हे, पुढच्या ध्रुपदापासून धरा. एक तरी माणूस असा शेजारी ठेवा ज्याला ध्रुपद पाठ आहे, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की मी थांबलो तर तू सुरू कर. माझ्याकडे बघून वाट पाहू नकोस. घरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहू नका. समोरच्या भिंतीवर, माणसांच्या डोक्यांच्या जरा वर, एक जागा निवडा.

आदल्या दिवशी तारा बदलू नका, नव्या तारा उतरत राहतात. बदलायच्याच असतील तर दोन-तीन दिवस आधी. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा, कारण दाबाने तारा किंचित चढतात.

शोकसभेत टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे गाणं संपलंय हे लोकांना कळायला काहीतरी खूण लागते. शेवटच्या ध्रुपदाची शेवटची ओळ दोनदा म्हणा, दुसऱ्या वेळी ५ च्या कॉर्डवर लय थोडी ओढा, १ वर या आणि तळव्याने तारा दाबा. आभार वगैरे न मानता जागेवर जाऊन बसा. पुढच्या माणसाला बोलायचं असतं.